फॉरमॅटबाहेरचा बांध

आमच्या घरमालकांच्या घरात तीन वर्षांहून जुनी तक्रार चालत नसे. काकूंनी पोळ्या लाटता लाटता "तुमच्या बहिणीच्या लग्नात मला" एवढं म्हटलं की सुभेदारसाहेब पेपरातून डोकं वर काढून शांतपणे म्हणायचे, "फॉरमॅटभाईर." की पुन्हा डोकं पेपरात. ते लग्न होऊन इतका काळ लोटला होता की त्या बहिणीला सूनमुख बघून झालं होतं. पण काकूंना तो मान न मिळाल्याचा विषय ताजाच होता, आणि सुभेदारांना कायदा. कायदा सगळ्यांना सारखा होता. दूधवाला, सोसायटीचे चेअरमन, जावई आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणून मी.

हा कायदा त्यांनी फौजेतून आणला असावा, असं लोकांना वाटायचं. प्रत्यक्षात तो पत्त्यांच्या एका परदेशी कंपनीकडून आला होता, माझ्या सामानातून.

मी बँकेत नोकरीला होतो आणि बदलीवर सांगलीला आलो होतो. विश्रामबागेत सुभेदारांच्या बंगल्याचा वरचा मजला घेतला. माझ्या सामानात पुण्याला शिकताना लागलेल्या व्यसनाचा एक खोका होता. पत्त्यांचा, पण रमीचे पत्ते नव्हेत. यांच्यावर ड्रॅगन, चेटकिणी, राक्षस, बुरूज आणि जादूगार असतात. पाकीट फोडायचं, आत काय निघेल ते आपलं नशीब, आणि निघालेल्यांतून आपापला डेक, म्हणजे लढायचा जोड, जमवून समोरच्याशी लढायचं. वय वाढलं की हे सुटतं असं म्हणतात. माझं सुटलं नव्हतं.

या खेळात एक गोष्ट अशी आहे, जी सरळमार्गी माणसाला समजावून सांगताना लाज वाटते. कंपनी दर वर्षी नवे संच काढते, आणि ज्या संचांना तीन वर्षं झाली ते स्पर्धेतून बाद करते. पत्ता तोच, चित्र तेच, ताकदही तीच. फक्त तारीख उलटलेली. याला रोटेशन म्हणतात. जे पत्ते चालतात ते फॉरमॅटमध्ये, बाकीचे फॉरमॅटबाहेर. घरी खेळायला कोणी अडवत नाही, पण खेळणार कोणाशी? बाकीचे सगळे नवी पाकिटं फोडून बसलेले असतात. कोणता संच कधी जाणार याचं वेळापत्रक कंपनी आधीच लावून टाकते, म्हणजे माणसाला भरपूर आधीपासून रडता येतं.

तसाच एका रविवारी मी रडत बसलो होतो, म्हणजे पलंगावर पत्ते पसरून जाणारे वेगळे काढत होतो, तेव्हा सुभेदार गिझर बघायला वर आले. उंच, सरळ, पांढऱ्या मिशा, आणि चप्पलसुद्धा कवायतीला उभी केल्यासारखी काढायची सवय. त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच प्रश्न केला.

"तारीख आदी सांगितली हुती का न्हवती?"

होती, मी म्हणालो.

"मग रडताय कशापायी, म्यानेजरसाहेब? आमाला भरती झालो त्या दिवशीच ठावं हुतं, कवा घरला जायचं त्ये. मानूस चांगला हाय म्हनून ठेवून घेत न्हाईत कुनाला."

मी मॅनेजर नव्हतो, पण ते मला शेवटपर्यंत मॅनेजरच म्हणाले. गिझर तसाच राहिला. सुभेदार पलंगाच्या कडेला बसले आणि रोटेशनबद्दल बारकाव्यानं विचारू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या दिवशी जो आनंद दिसला, तो नंतर नातीच्या बारशालाही दिसला नाही. फौजेतून आल्यापासून सिव्हिलमध्ये काही म्हणजे काही तारखेवर संपत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. रस्त्याची कामं संपत नाहीत, सत्काराची भाषणं संपत नाहीत, आणि खुर्चीवर बसलेला माणूस तर उठतच नाही. म्हातारं झालं की आपणहून उठावं लागतं असा कायदा त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. हा साखर कारखान्याच्या संचालकांना लावता येईल का, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. कंपनीचा तसा विचार नसावा, असं मी म्हणालो.

महिन्याभरात ते खेळ शिकले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. खालचा हॉल मोकळा झाला. मांडववाल्याकडून लांब टेबलं आली. आसपासच्या कॉलेजांतली इंजिनिअरिंगची पोरं, जी आजवर चहाच्या टपरीवर चोरून खेळायची, ती दर रविवारी सकाळी आंघोळ करून सुभेदारांच्या हॉलमध्ये हजर राहू लागली. आंघोळीची अट होती. खेळ सुरू होण्याआधी पोरांनी आपापला डेक समोर मांडून उभं राहायचं आणि सुभेदारांनी मागं हात बांधून पाहणी करत जायचं. एखाद्याच्या डेकात मुदत संपलेला पत्ता निघाला तर तो पोरगा त्या दिवशी सगळ्यांचा चहा करायचा.

टेबलाच्या मधोमध ते स्वतःच्या हातानं खडूची रेघ मारायचे. रेघेच्या अलीकडं तुझे पत्ते, पलीकडं त्याचे. कोणाचा पत्ता बोटभर जरी रेघेवर आला तरी सुभेदारांचा आवाज चढायचा. खेळाच्या नियमांत अशी रेघ कुठंही नाही, हे मी एकदा दाखवून दिलं. ते म्हणाले, "कंपनीला काय ठावं रेघ म्हंजे काय असती त्ये." पोरं त्या रेघेला बांध म्हणायची, पण त्यांच्या माघारी.

ते स्वतः फार वाईट खेळायचे. त्यांचा लाडका पत्ता होता बुरुजावरचा पहारेकरी. तो हल्ला करत नाही, नुसता उभा राहतो. सुभेदारांचा सगळा डेक असाच उभा राहणाऱ्यांचा होता. समोरची पोरं आग ओकून त्यांना होत्याचं नव्हतं करायची आणि हे म्हणायचे, हरलो आसंल, पर ठाणं सोडलं न्हाई.

खरी मजा रोटेशनच्या दिवशी असायची. सुभेदारांच्या गावाकडं फौजी रिटायर होऊन आला की गावच्या फाट्यावरून त्याला उघड्या जीपमधून वाजतगाजत घरी नेतात. चौकात फ्लेक्स लागतो, गुलाल उडतो, बँडवाले देशभक्तीची गाणी वाजवतात. मग तीन वर्षं इमानानं नोकरी केलेल्या पत्त्यांनी चोरासारखं का जायचं? सुभेदारांनी त्यांचा सेवापूर्ती सोहळा ठेवला. बंगल्याच्या फाटकावर भला मोठा फ्लेक्स. मध्ये तीन तोंडांचा ड्रॅगन, त्याच्या बाजूला चेटकीण, वर "प्रदीर्घ सेवेबद्दल हार्दिक अभिनंदन" आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेल्या पोरांचे फोटो. समोरच्या बंगल्यातल्या आजोबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि काकूंना विचारलं, हे गृहस्थ कुठल्या खात्यात होते.

सोहळ्याला नारळ असायचा, पेढे असायचे आणि प्रत्येक पत्त्यावर दोन शब्द बोलावे लागायचे. जतकडच्या एका पोरानं अख्खा डेक ड्रॅगनवर उभारला होता. मेसचा डबा अर्धा करून, सुट्टीत घरी न जाता त्यानं तो जमवला होता. त्या वर्षी ड्रॅगन गेला. बोलायला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून "चांगला चालला होता की ओ" एवढंच निघालं आणि तो खाली बसला. सुभेदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ड्रॅगन गेला, तू हायस न्हवं?" मग सगळे बाद पत्ते एका काळ्या फौजी ट्रंकेत गेले. तिच्यावर पांढऱ्या रंगात सुभेदारांचा हुद्दा आणि नाव लिहिलेलं होतं. ट्रंकेला कुलूप लागलं. पत्ते पेन्शनीत गेले.

जतच्या पोरानं खेळ सोडला. म्हणजे दोन रविवार सोडला. तिसऱ्या रविवारी नव्या संचातला एक समुद्रराक्षस घेऊन आला आणि अख्खा डेक त्याच्यावर उभारू लागला. कंपनीचा धंदा नेमका कशावर चालतो ते मला त्या दिवशी कळलं. काही पोरं मात्र खरोखरच खेळ सोडून गेली, आणि गेलेल्यांचं नाव सुभेदार काढत नसत.

हा सगळा खेळ हॉलमध्ये राहिला असता तर ठीक होतं. पण एके दिवशी काकूंनी जेवताना बहिणीच्या लग्नाचा विषय काढला आणि सुभेदारांच्या डोक्यात उजेड पडला. त्या जेवणातच त्यांनी जाहीर केलं, की इथून पुढं या घरात तीन वर्षांहून जुनं काहीही उकरून काढायचं नाही. पत्त्यांना एक न्याय आणि माणसांना दुसरा, हे चालणार नाही. त्यांनी लगोलग जावयाला फोन करून त्याचा दिवाळसणाचा रुसवा संपल्याचं कळवलं. जावई तो विसरून गेला होता. फोनमुळं त्याला आठवला.

काकू गणिताच्या शिक्षिका होत्या. मुलींच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईशी नियमांच्या भाषेत बोलायला जाणं ही मुळातच चूक होती.  दुपारी वर येऊन माझ्याकडून खेळाची नियमावली घेऊन गेल्या. चार दिवसांनी सुभेदार आंघोळ करून आले आणि नेहमीप्रमाणं ओला टॉवेल पलंगावर टाकला. काकू म्हणाल्या, लग्न झाल्यापासून हा टॉवेल पलंगावर पडतो. सुभेदार म्हणाले, फॉरमॅटभाईर. काकू म्हणाल्या, नाही, रिप्रिंट.

हे मला सांगायला हवं. जुना पत्ता कंपनीनं नव्या संचात पुन्हा छापला तर त्याच्या जुन्या प्रतीही पुन्हा चालू होतात. सुभेदारांचा पहारेकरी एकदा असाच परत आला होता. तेव्हा त्यांनी ट्रंक उघडून त्याला सलाम केला होता आणि रिझर्व्हमधल्या शिपायाला पुन्हा बोलावणं यावं तसं त्याला डेकात रुजू करून घेतलं होतं. काकूंचं म्हणणं एवढंच, की टॉवेल आज पुन्हा पडला म्हणजे तक्रार आज पुन्हा छापली गेली, आणि तिच्या सगळ्या जुन्या प्रती चालू झाल्या. नियमात हे तंतोतंत बसत होतं. सुभेदारांनी टॉवेल उचलून दोरीवर टाकला. त्यानंतर त्या घरात माणसं फार सांभाळून वागू लागली.

मग काकूंनी तो प्रश्न विचारला, जो त्या घरात कोणी विचारत नसे. "अहो, मग भावजींचं आणि तुमचं बांधाचं भांडण कुठल्या सालातलं?"

सुभेदारांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, कोरेगावच्या बाजूला त्यांच्या गावी राहायचे. वडिलांच्या शेताचे दोन वाटे झालेले, मध्ये बांध, दोन्हीकडं ऊस. सुभेदार सरहद्दीवर होते तेव्हा इकडं दर नांगरटीला बांध दादांच्या बाजूनं थोडा थोडा कमी व्हायचा. पूर्वी त्यावरून बैलगाडी जायची, नंतर माणसाला आडवं होऊन चालावं लागायचं. सुभेदार रिटायर झाले त्या सकाळी फोनवर दोघांची यावरून जोरदार जुंपली. फाट्यावर जीप तयार होती, बँड तयार होता. फेटा घरातल्या थोरल्यानं बांधायचा असतो, आणि थोरला उसाला पाणी पाजायला निघून गेला होता. लोक म्हणाले, सरपंच बांधतील. सुभेदार नको म्हणाले. सगळ्या गावातून ते उघड्या डोक्यानं आले, आणि वर्षाच्या आत काकूंच्या नोकरीच्या गावी, म्हणजे सांगलीला, बंगला बांधून राहायला गेले. त्यानंतर त्यांनी कधी कोणाच्या लग्नातसुद्धा फेटा बांधून घेतला नाही. हे मला काकूंनी सांगितलं. स्वतः सुभेदार एवढंच म्हणाले, "बांदाचं रिप्रिंट हाय. दरसाली हुतंय."

आणि ते खरं होतं. दर उन्हाळ्यात ते टेप घेऊन गावी जायचे, बांध मोजायचे आणि दादांशी एक शब्दही न बोलता परत यायचे. यंदा बी खाल्ला, म्हणायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, भारी पत्ता निघालेल्या पोरांच्या चेहऱ्यावर असतं तसंच काहीतरी असायचं. त्यांचा अख्खा डेक त्या भांडणावर उभा होता आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं.

पण उसाचं एक असतं. लागण, म्हणजे पहिल्यांदा लावलेला ऊस, तुटली की शेत नांगरावंच लागतं असं नाही. त्याच बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटतो, तो खोडवा. त्यानंतर पुन्हा फुटतो, तो निडवा. दादांचे गुडघे गेले होते, ट्रॅक्टर विकला होता. त्यांनी लागणीनंतर खोडवा ठेवला. नांगरट नाही, म्हणून बांधाला धक्का नाही. सुभेदार त्या उन्हाळ्यात गंभीर होऊन परत आले. पुढच्या वर्षी दादांनी निडवा ठेवला. सुभेदार म्हणाले, मुद्दाम ठेवलाय. कशासाठी ठेवेल, मी विचारलं. "माजं भांडान फॉरमॅटभाईर घालवाय," ते म्हणाले, आणि त्यांना त्यात काही विनोद दिसला नाही.

रोटेशनची तारीख जवळ आली तसं घरात सगळ्यांना कळून चुकलं, की यंदा चेटकिणी-राक्षसांबरोबर बांधाचं भांडणही जाणार. शेवटच्या नांगरटीला तीन वर्षं होत होती. आता प्रश्न एवढाच होता, की इतरांचे ड्रॅगन हसत हसत ट्रंकेत टाकणारा हा माणूस स्वतःचा पत्ता टाकेल का. पोरं आपसात यावर बोलायची. सुभेदारांचं खेळातलं लक्ष उडालं. एकदा तर पोराचा पत्ता रेघेवर आलेला त्यांना दिसलाच नाही.

शेवटी एका रविवारी त्यांनी मला गाडी काढायला लावली. कराडमार्गे गावी गेलो. ऊस डोक्याएवढा होता, बांधावर गवत माजलं होतं. सुभेदारांनी टेप लावला, वाकून आकडा बघितला, पुन्हा लावला. मग टेप खिशात टाकला, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून खोरं आणलं आणि भर उन्हात स्वतःच्या बाजूनं बांध तोडायला लागले. मला आधी कळेना. मग कळलं, की दादा छापत नाहीत म्हणून हे स्वतःच छापायला निघाले आहेत. आता दादा धावून येतील, शिव्या देतील, आणि भांडण आणखी तीन वर्षं चालू राहील.

दादा मोटारीच्या खोलीच्या सावलीलाच बसले होते. सुभेदारांसारखंच नाक, मिशा मात्र नाहीत. ते बराच वेळ बघत राहिले.

"दमशील रं," ते म्हणाले. "ऊन लय हाय. पायजे तेवडा घे आन् पानी पिऊन जा."

त्यांनी पाण्याचा तांब्या हातानं पुढं सरकवला. सुभेदार खोरं धरून तसेच उभे राहिले. पाणी ते प्यायले नाहीत. पण निघताना तोडलेली ढेकळं त्यांनी पायानं पुन्हा जागेवर लोटली आणि वरून दाबली. गाडी कराडला आली. मग म्हणाले, गड्यानं पानच टाकलं न्हाई. त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. भांडण हरलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. आपल्याशी आता कोणी भांडत नाही हे कळलेल्या माणसाचा होता.

सोहळ्याच्या दिवशी हॉल भरला. यादी वाचून झाली. मग जतचं पोरगं उभं राहिलं. त्याचा समुद्रराक्षस अजून फॉरमॅटमध्ये होता, ड्रॅगनचा सल मात्र गेला नव्हता.

"सर, तुमचा बांध बी यंदाच्या यादीत बसतोय की ओ," ते म्हणालं.

 सुभेदारांनी त्याच्याकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं. "ऑर्डर हाय म्हंजे हाय," ते म्हणाले आणि तोंड धुवायला आत गेले. ते बाहेर आले तोवर काकूंनी दुसरा फ्लेक्स भिंतीवर लावून घेतला होता. तो त्यांनी आधीच छापून आणला होता. फ्लेक्सवाल्यानं उत्सवमूर्तीचा फोटो मागितला म्हणून गावाकडून बांधाचा फोटो मागवला होता. गवत, मागं ऊस, आणि वर अक्षरं: "बांधाचं भांडण यांना सेवापूर्तीनिमित्त समस्त कुटुंबाकडून शुभेच्छा." काकूंनी आणखीही एक केलं होतं. विश्रामबागच्या स्टॉपवर एसटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना आणायला मला पाठवलं होतं. यादी संपता संपता परतलेला मी दादांना घेऊन दारात उभा होतो.

दादांनी चपला काढल्या, फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि एकेक अक्षर लावून सगळा वाचला. "बांद चांगला आलाय फोटूत," म्हणाले. मग पिशवीतून एक घडी काढली. केशरी कापड, घड्यांवर रंग उडालेलं.

"तवाच आनला हुता," दादा म्हणाले. "पानी पाजाय गेलो, आन् ऱ्हायलं."

सुभेदार खुर्चीत बसले. दादांचे हात थरथरत होते, फेटा एका बाजूला कलला, शेमला नको तिथं आला. पोरं आपापल्या बोटांकडं बघत होती. सुभेदारांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. नारळ फुटला, पेढे वाटले, बांधाचा फोटो ट्रंकेत गेला. मला वाटलं, संपलं.

मग दादांनी हा कसला खेळ म्हणून विचारलं. सुभेदारांनी त्यांना समोर बसवलं, मधोमध नवी रेघ मारली आणि पत्ते दिले. दादांनी पहिलाच पत्ता मांडला तो रेघ ओलांडून.

"दादा, रेघ."

"कुटाय रेघ? तूच माज्या अंगावर मारलीयास."

टेप मागवला गेला. टेबल मोजलं गेलं. रेघ खरोखरच बोटभर दादांच्या बाजूला सरकलेली निघाली, आणि त्यावर टेबलच वाकडं आहे असं सुभेदारांचं म्हणणं पडलं. चहा गार झाला. दादा तणतणत उठले, पुढच्या ऐतवारी येऊन दावतो म्हणाले आणि एसटीला गेले. सुभेदार कललेला फेटा घालून फाटकापर्यंत त्यांच्या मागं भांडत गेले. परत आले तेव्हा माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता. काकू म्हणाल्या, आला बाई नवा सेट.

दादा खरंच पुढच्या रविवारी आले, आणि त्यानंतर जवळजवळ दर रविवारी. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. बँकेच्या नियमानं मीही फॉरमॅटबाहेर गेलो. माझाही फ्लेक्स लागला. ड्रॅगनच्या फ्लेक्सपेक्षा लहान होता, पण मी काही बोललो नाही.

मध्यंतरी कामासाठी सांगलीला गेलो होतो, रविवार बघून बंगल्यावर डोकावलो. हॉलमधली सगळी पोरं नवी होती. जुनी शिकून पुण्या-बंगळूरला गेली होती. टेबलाच्या टोकाला दोघे भाऊ बसले होते. दादांच्या कानात यंत्र आलं होतं आणि हात पूर्वीपेक्षा जास्त हलत होते. मी स्वयंपाकघरात गेलो तर काकूंनी आवाज खाली आणून सांगितलं, की टेबलाच्या भांडणालाही आता तीन वर्षं होत आली. त्या दिवसानंतर दादांनी रेघ एकदाही ओलांडलेली नव्हती. नजर कमी झाली म्हणून ते पत्ते अगदी पोटाशी मांडायचे. "यांना झोप नाही," काकू म्हणाल्या. "परवा मला विचारत होते, भांडण तारखेनं गेलं तर दादा यायचा बंद होईल का."

मी दारातून बघत राहिलो. दादांनी पत्ता मांडला, पोटाशीच. मग भिंतीवर लावलेल्या रोटेशनच्या वेळापत्रकाकडं मान वर करून बघितलं, बराच वेळ. खाली बघून त्यांनी एक बोट पत्त्यावर ठेवलं आणि तो पुढं सरकवायला सुरुवात केली. हळूहळू. पत्ता रेघेला लागला. रेघेवर आला. समोर बसलेल्या सुभेदारांना तो दिसत होता. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बोटभर सरकलेला पत्ता ज्या माणसाला दिसतो, त्याला नाकासमोरचा न दिसायला काय झालं? पण कप उचलून त्यांनी चहाचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत थांबले. पत्ता अख्खा पलीकडं येईपर्यंत थांबले.

"दादा," मग ते म्हणाले, "रेघ."

"कुटली रेघ?"

नवी पोरं दचकून वर बघू लागली. आवाज चढले. कुणीतरी टेप आणायला धावलं. काकूंनी गॅस बारीक केला, झालं बाई रिप्रिंट असं स्वतःशीच म्हणाल्या आणि भावजींच्या वाटणीचे तांदूळ धुवायला घेतले.